खाडे, डबे आणि एक सही : गिरणगावातल्या खानावळवाल्यांच्या मुलाखतींच्या नोंदी

४ जून २०२४, काळाचौकी

पहिली मुलाखत झाली. झाली म्हणायचं इतकंच. रेकॉर्डिंग दोन तास पाच मिनिटांचं आणि त्यातला निम्मा वेळ मुलगाच बोललाय. आजींचा नोंदवहीतला क्रमांक ‘खा-१’. खऱ्या नावांचा कागद वेगळा ठेवलाय, माझ्या कपाटात. गाव पाटण तालुक्यातलं. लग्न होऊन मुंबईत आल्या आणि तीसेक वर्षं खानावळ चालवली. दहा बाय बाराची खोली, बावीस खानावळी (पैसे देऊन जेवणारे), दोन वेळचं जेवण.

“आजी, तुम्ही काय काम करत होता?”

“काय न्हाई. घरीच व्हते.”

मागून मुलगा: “खानावळ होती ना आपली. बाबांनी चालू केलेली.”

त्यानंतर कामगार पुढारी दत्ता सामंत, ८२चा गिरणी संप, गिरण्यांच्या जागेवर उभे राहिलेले टॉवर, हे सगळं मुलाने सांगितलं आणि चांगलं सांगितलं. आजी मान हलवत होत्या. मधेच उठून चहा टाकायला गेल्या. आम्ही दोघी त्यांचीच मुलाखत घ्यायला आलेल्या, आणि त्याच चहा टाकतायत.

संमतीपत्रही मुलानेच वाचलं आणि सहीसुद्धा त्यानेच ठोकली. “आईला कुठं कळतंय त्यातलं.” मी कागद घेतला, घडी केली, पिशवीत टाकला. आता रात्री हे लिहिताना ती घडी टोचतेय. तिथल्या तिथे बोलायला हवं होतं. पहिलाच दिवस, घर परकं, मुलगा मोठ्या आवाजाचा. कारणं बरीच आहेत, पण सही मुलाची आहे ती आहेच.

सोबतच्या मुलीला आजींनी “ए बारके” म्हणून हाक मारली. एम.ए.ला आहे, उंचीने माझ्या खांद्याला लागते. तिने नाव लगेच मान्य केलं. इथून पुढे नोंदींत ती बारकीच.

७ जून

रेकॉर्डिंग ऐकलं. पदराला लावलेला छोटा माईक फुकट गेला. काळ्या मण्यांची पोत त्याच्यावर आपटत राहिलीय, दर वाक्याला टक टक. बांगड्यांचा आवाज वेगळा. पंखा तर आहेच. पुढच्या वेळी रेकॉर्डर समोर, चौघडी केलेल्या टॉवेलवर. पंखा बंद करायला सांगायचा नाही. जूनमध्ये पंखा बंद करून कोणी मनातलं बोलत नाही.

फाइली डब्ल्यूएव्हीमध्येच ठेवायच्या, एमपी३ फक्त ऐकायला. तीन प्रती: माझा लॅपटॉप, एक हार्ड डिस्क बारकीकडे, एक माझ्या बहिणीकडे नाशकात. पैसे आमचेच आहेत, त्यामुळे यापेक्षा जास्त काही परवडणार नाही.

प्रश्नावली पुन्हा वाचली. तेवीस प्रश्न. ‘संपाच्या काळात आपला अनुभव काय होता?’ हा प्रश्न मीच लिहिलाय. असं कोण बोलतं कोणाशी? फाडली.

१५ जून, काळाचौकी

दुपारी दोनला गेलो. मुलगा कामावर. सूनबाई बाळाला घेऊन पलीकडच्या खोलीत. आजी मेथी निवडत बसल्या होत्या, आम्हीही बसलो आणि एकेक जुडी घेतली. रेकॉर्डर लादीवर. विचारलं, “आजी, पहाटे उठल्यावर आधी हात कशाला लागायचा?”

“पिनीला. स्टोच्या.”

आणि मग दीड तास मला काही विचारावंच लागलं नाही.

बर्नरचं भोक काजळीने बुजायचं, त्याला पिन मारायची. पिन मोडली तर शेजारणीला उठवायचं, ती चिडायची, कारण तिची रातपाळी संपवून आलेली माणसं नुकती लवंडलेली असायची. रॉकेल रेशनचं. पहिली पाळी सातची, म्हणजे डबे त्याच्या आत भरलेले हवेत. भोंगा झाला की डबा न्यायला येणारा पोऱ्या जिन्यावर दिसायचा, आणि भाजी शिजली नसेल तर तिखट-तेल आणि भाकरी बांधून द्यायची. भाकऱ्या किती व्हायच्या? “मोजायच्या न्हाईत. मोजलं की हात भरून येतोय.”

खानावळी म्हणजे जेवणारे पुरुष. बहुतेक आजूबाजूच्या गाळ्यांतले. गाळ्याचा हिशोब असा की खोली एकाच गावच्या माणसांनी मिळून घेतलेली, दहा-बारा जण त्यात राहणार. एक पाळी कामावर असते तेव्हा दुसरी झोपते, म्हणून ती खोली सगळ्यांना पुरते. बायका-मुलं गावाला. म्हणजे गिरणी चालायला दोन बायका लागायच्या, एक गावाकडे शेत सांभाळणारी आणि एक इथे भाकऱ्या थापणारी. गिरणीच्या पगारपत्रकात दोघी नाहीत.

मग खाड्यांची गोष्ट निघाली. आजची सगळ्यात मोलाची.

माणूस सुगीला, जत्रेला गावी गेला की तेवढ्या दिवसांचे पैसे महिन्यातून वजा. तोच खाडा. एका-दोन दिवसांचा खाडा आजी धरत नसत, सलग तीन दिवस गेला तरच. भांडणं याच्यावरच व्हायची. बावीस जणांचे खाडे लक्षात कसे ठेवायचे? आजींना लिहिता येत नव्हतं. फळीच्या कपाटाच्या दाराला आतून त्यांनी कोळशाने खुणा केल्या होत्या. बारा महिने छत्री घेऊन फिरणारा एक, त्याची छत्री. शिट्टी वाजवत जिना चढायचा त्याची शिट्टी. दोन भाऊ होते, त्यांच्या दोन उभ्या रेघा, धाकट्याची बारकी. प्रत्येकापुढे खाड्याला एक ठिपका. महिनाअखेर आजी दारासमोर बसून वाचायच्या आणि आजोबा वहीत लिहून घ्यायचे.

“काढून दाखवता?” बारकीने कागद-पेन पुढे केलं. त्यांनी पेन घेतलं नाही. मेथी धुतलेल्या पाण्यात बोट बुडवलं आणि लादीवर छत्री काढली. मग शिट्टी. मग दोन रेघा. बारकीने वाळायच्या आत फोटो काढला. तोवर छत्रीचा दांडा गेला होता.

वही आहे. मुलाने जपून ठेवलीय, लाल कापडी बांधणीची, “बाबांचा हिशोब.” दार नाही. खोलीला रंग दिला तेव्हा कपाट भंगारवाल्याला गेलं. कुठलंही अभिलेखागार ती वही आनंदाने घेईल आणि सूचीत आजोबांचं नाव लिहील.

१९ जून

शब्दांकनाला बसलो. एका तासाच्या बोलण्याला सात-आठ तास जातात. वेळ वाचवायला बारकीने एक सॉफ्टवेअर लावून पाहिलं. त्याने ‘खाडे’चं ‘खड्डे’ केलं आणि ‘गाळ्यात बारा मानसं’चं ‘गळ्यात बारा माणसं’. आम्ही हसलो खूप. पण ‘व्हते’चं ‘होते’, ‘तवा’चं ‘तेव्हा’, ‘न्हाई’चं ‘नाही’ हे त्याने गुपचूप केलं होतं आणि ते आम्हाला चौथ्या पानापर्यंत लक्षातही आलं नाही. खड्ड्यांची चूक निदान दिसते तरी. ही दिसत नाही, कारण शाळेत आम्हीही हेच शिकलोय. हातानेच लिहायचं ठरलं.

तवा म्हणजे तेव्हा. पण आजींच्या बोलण्यात खरा तवाही सारखा येतो. एका ठिकाणी मी वीस मिनिटं ऐकत बसले: “तवा तापला न्हवता.” भाकरीचा तवा, की तेव्हा संप अजून तापला नव्हता? मागचं-पुढचं ऐकून भाकरीचाच ठरवला. तरी समासात प्रश्नचिन्ह ठेवलंय.

२६ जून

बारकी शब्दांकनात कंसात ‘मी’ घालत होती. “(मी) पोळ्या लाटल्या, (मी) डबे भरले.” विचारलं तर म्हणाली, वाचणाऱ्याला कळायला नको का कोणी केलं? कंस काढायला सांगितले, आणि मग दोघी मोजायला बसलो.

आपल्या मराठीची ही एक गंमत आहे. गेले, आले, बसले, उठले म्हटलं की क्रियापदातच बाई दिसते. पण काही केल्याचं सांगायला गेलं की क्रियापद कर्माच्या मागे जातं. भाकऱ्या थापल्या, डबे भरले, पैसे फेडले. कोणी? ते वेगळं सांगावं लागतं, आणि न सांगता भागतं. आजींच्या साडेतीन तासांत स्वतः केलेल्या कामांचा डोंगर आहे, पण कर्ता जवळजवळ कुठेच नाही. “सगळं केलं.” “फेडलं हळूहळू.” “पोरांची लग्नं केली.” आणि आजोबांचा विषय आला की प्रत्येक वेळी कर्ता हजर: “ह्यांनी खोली घेतली.” “ह्यांनी वही घातली.” “ह्यांनी सांगितलं, संप हाय.”

आम्हाला वाटत होतं की ‘घरीच व्हते’ हा आजींचा संकोच आहे. संकोच असेलही. पण आमचा ‘तुम्ही काय करत होता’ हा प्रश्न त्यांच्या जिभेला नसलेलाच कर्ता मागत होता. ‘हात कशाला लागायचा’ला कर्ता लागत नाही, म्हणून ते दार उघडलं असावं. हे माझं अनुमान. बारकीला ते फार ओढूनताणून वाटतं. “ताई, त्या दिवशी मुलगा नव्हता, बस्स.” तेही खरंच.

अख्ख्या रेकॉर्डिंगमध्ये ठसक्यात कर्ता येतो तो एकदाच, १५ तारखेच्या फाइलीच्या अगदी शेवटी, आम्ही चपला घालत असताना: “ब्यांकेत म्या सही केली.” एवढंच, पुढे दाराचा आवाज. पुढच्या खेपेला इथूनच.

६ जुलै, काळाचौकी

सहीची गोष्ट.

डोरलं वाण्याकडे गहाण होतं. खानावळीचं गणितच तसं. माल आज आणायचा, पैसे गिरणीचा पगार झाल्यावर, म्हणजे महिनाभर वाण्याची उधारी आणि तिच्यावर व्याज. “डोरलं माझ्या गळ्यात कमी, वाण्याच्या कपाटात जादा.” मग चाळीत प्रेमाताई आल्या. प्रेमा पुरव, मूळच्या गोव्याच्या, गोवामुक्तीच्या लढ्यातून आलेल्या, नंतर गिरणी कामगारांत काम करणाऱ्या. १९७५ साली चौदा खानावळवाल्यांना घेऊन त्यांनी अन्नपूर्णा महिला मंडळ काढलं आणि राष्ट्रीयीकृत बँकेकडून या बायकांना त्यांच्या स्वतःच्या नावावर कर्ज मिळवून दिलं. तारण काही नाही, बायका गटाने एकमेकींना जामीन. खानावळवाल्यांना कामगार म्हणून कोणी मोजत नव्हतं त्या काळात.

आजी पहिल्या चौदांतल्या नाहीत, त्या दोन-तीन वर्षांनी शिरल्या. बँकेत अंगठा चालला असता. “बाकीच्यांनी दिला. म्या म्हनलं, मला सही शिकवा.” शेजारची चौथीतली पोर शिकवायला. पाटी कुठून आणायची, तर रात्री परातीत पीठ पसरायचं, त्यात पोरीने अक्षर काढायचं आणि त्यावरून आजींनी बोट फिरवायचं. चुकलं की परात हलवायची, पीठ पुन्हा सपाट. सकाळी त्याच पिठाच्या भाकऱ्या. किती दिवस? “चार रात्री. आडनावाला दोन गेल्या.”

आडनावात जोडाक्षर आहे. माझ्याकडून लिहिताना ते आता नीट निघत नाही, सारखी परात दिसते.

आजोबा काय म्हणाले? “ह्यांनी काय म्हनायचं? हे व्हते भायेर, बाकड्यावर. आत मॅनेजरम्होरं म्या.” कर्ज फिटल्यावर दुसरं घेतलं, त्यात डोरलं सुटलं. तीन मिनिटांत तीन वेळा ‘म्या’. बारकीने माझ्याकडे पाहिलं. शब्दांकनात ‘मी’ लिहायचं नाही, ‘म्या’च राहील.

१४ जुलै, डिलाईल रोड

हिंदमाताला गुडघाभर पाणी, वळसा घालून पोचलो. ‘खा-४’ कणकवलीकडच्या. मासे-भाताची खानावळ, सगळे गिऱ्हाईक कोकणातले. घाटावरच्यांना भाकरी आणि कोकणातल्यांना भात, म्हणून खानावळी वेगळ्या. निदान सांगायचं कारण ते.

माझा व्याकरणाचा सिद्धांत या आजींनी अर्ध्या तासात निकालात काढला. मालवणीत क्रियापद कर्त्याला धरूनच चालतं. ‘घेतल्यान’ म्हणजे त्याने किंवा तिने घेतलं, ‘घेतलंय’ म्हणजे मी. हातातल्या पाटल्या दाखवून म्हणाल्या, “ह्यो मियां घेतलंय, माझ्या पैशान. घोवान काय घेतल्यान? दारू घेतल्यान!” आणि सुनेसकट सगळ्या हसल्या. इथे कोणी लपलेलं नाही, भाषेत नाही आणि घरातही नाही. २६ जूनच्या नोंदीपुढे पेन्सिलीने ‘फक्त घाटावरच्यांपुरतं?’ असं लिहून ठेवलंय. चार मुलाखतींवर सिद्धांत बांधायचा नसतो, हे बारकी पहिल्यापासून म्हणतेय. तिला आज वडापाव माझ्याकडून.

ओव्यांचं विचारलं. नाही म्हणाल्या, मुंबईत जातं नव्हतंच. पीठ गिरणीतून दळून यायचं. स्टोला पंप मारताना कसली ओवी येणार, त्याच्या फरफरीत शेजारचं बोलणं ऐकू येत नाही. हेमा राईरकर आणि गी पॉइत्वाँ यांनी १९८०च्या दशकापासून मुळशी-मावळाकडच्या बायकांबरोबर ओव्या गोळा केल्या, त्या लाखाच्या वर गेल्या. त्या वाचताना सारखं वाटायचं की मुंबईला आलेल्या बायकांच्या ओव्या कुठे गेल्या असतील. हे एक उत्तर. दळण विकत मिळायला लागलं, पहाटेचा तो तास वाचला आणि त्या तासात भाकऱ्या वाढल्या.

२ ऑगस्ट, वरळी

हे आधी सुचायला हवं होतं. यादीतल्या अकरा आजी एका नजरेत पाहिल्या तर सगळ्या मराठा, कुणबी, एक-दोन भंडारी. ओळखीतून ओळख काढत गेलो आणि ओळखी आपापल्या जातीतच फिरतात. मुद्दाम वरळीच्या बीडीडी चाळीत गेलो. शंभर वर्षांपूर्वी बांधलेल्या, एकशे साठ चौरस फुटांची खोली. पलीकडे पुनर्विकासाचं काम चालू, रेकॉर्डिंगभर यंत्राची धडधड आहे.

‘खा-१२’ला क्रमांक चुकीचा दिलाय, कारण त्यांनी खानावळ चालवलीच नाही. पहिल्याच प्रश्नाला त्यांनी मला सरळ विचारलं, “आमच्याकडं जेवायला कोण येणार होतं, बाई? आमचीच माणसं. ती काय पैसे देऊन जेवतात व्हय, ती पाहुणेच.” मासे-भात आणि भाकरी यांनी खानावळी वेगळ्या झाल्या, हे मी १४ जुलैला किती सहज लिहून गेले. कोणाच्या हातचं खायचं, हे त्याआधीच ठरलेलं होतं.

त्यांची आई गिरणीत रिळिंग खात्यात होती, वडील कताईत. साचेखात्यात, म्हणजे मागावर, पगार जास्त, पण तिथे त्यांच्या माणसांना घेत नसत. धोट्यातला, म्हणजे मागात आडवा धागा नेणाऱ्या नळीतला, धागा तुटला की तोंडाने ओढून काढावा लागायचा आणि उष्ट्या धाग्याला बाकीचे हात लावणार नाहीत, म्हणून. १९२८च्या संपात बाबासाहेबांनी नेमका हाच मुद्दा पुढाऱ्यांसमोर धरला होता. त्याच वर्षी मुंबईच्या कायदेमंडळात प्रसूतीरजेच्या विधेयकाच्या बाजूने ते बोलले आणि १९२९मध्ये मुंबई प्रांतात कायदा झाला. आजींना साल माहीत नाही, विधेयक माहीत नाही. पण “आईला बाळंतपणाचे पैसे मिळाले, त्यातून पितळेची घागर घेतली” हे माहीत आहे. घागर समोर फडताळावर होती.

एकेकाळी मुंबईच्या गिरण्यांत दर पाच कामगारांत साधारण एक बाई होती. यंत्रं बदलली, रात्रपाळी बायकांना बंद, जिथे बायका जास्त ती खातीच आक्रसली. ८२च्या संपापर्यंत गिरणीत बायका अगदीच थोड्या उरल्या होत्या. आईची नोकरी गेल्यावर या आजींनी घरी बसून विड्या वळल्या, मग घरकामं धरली.

उठताना म्हणाल्या, “बाबांच्या सभेला मी आईच्या कडेवर गेलेली. ते विचारायला या परत.” जाणार आहोत. ऊर्मिला पवार आणि मीनाक्षी मून यांचं ‘आम्हीही इतिहास घडवला’ रात्री पुन्हा काढलं. १९८९चं पुस्तक. आंबेडकरी चळवळीतल्या बायकांना शोधत दोघी दारोदार फिरल्या होत्या आणि ‘आम्ही काय केलं’ असं म्हणणाऱ्या बायका त्यांनाही भेटल्या. नाव किती नेमकं आहे हे आज दिसलं. कर्ता पहिल्याच शब्दात, आणि वर ‘ही’.

क्रमांक बदलून ‘गि-१’ केला. प्रकल्पाचं नावही बदलावं लागेल, ‘खानावळवाल्या’ पुरत नाही.

१८ ऑगस्ट

बारकीशी वाद. ‘खा-१’ ठामपणे म्हणतात की संप झाला तो इंदिराबाईंना मारलं त्या वर्षी. संप १८ जानेवारी १९८२ला सुरू झाला आणि इंदिरा गांधींची हत्या ३१ ऑक्टोबर १९८४ची. अडीच लाख कामगार, साठावर गिरण्या, तारीख सगळ्यांना पाठ. बारकीचं म्हणणं, तळटीप देऊन दुरुस्त करावं, नाहीतर लोक म्हणतील म्हातारीला काही आठवत नाही, आणि मग सहीची गोष्टही खोटी ठरेल.

मी तिला इटलीतल्या तेर्नीची गोष्ट सांगितली. लुईजी त्रास्तुल्ली नावाचा पोलाद कामगार १९४९मध्ये पोलिसांच्या गोळीबारात मेला. नाटोविरोधातली निदर्शनं होती. तीसेक वर्षांनी मौखिक इतिहासाचा अभ्यासक आलेस्सांद्रो पोर्तेल्ली मुलाखती घ्यायला गेला तर कितीतरी जण त्याचा मृत्यू १९५३मध्ये, मोठ्या कामगारकपातीच्या वेळच्या मारामारीत सांगत होते. त्याने चूक खोडली नाही, तिच्यावरच लिहिलं. गावाला लागलेला घाव ५३चा होता, म्हणून मरणही तिथे सरकलं.

बारकी म्हणाली, छान आहे, पण आजींचं काय सरकलं ते आपल्याला माहीत आहे का? नाही. म्हणून संध्याकाळी फोन केला. आधी बाळाची चौकशी, मग संपाचं. संप सुरू झाला त्या दिवसाचं काही विशेष आठवत नाही म्हणाल्या. आधीही संप झालेले, माणसं गावी जायची, यायची. याही वेळी खानावळी गेले, काहींचे दोन-दोन महिन्यांचे पैसे राहिले. उरलेल्या सात-आठ जणांना त्यांनी उधारीवर जेवू घातलं. “येतील, देतील.” ८४च्या दिवाळीनंतर छत्रीवाला त्याची ट्रंक न्यायला आला. तोवर ट्रंक त्यांच्या खोलीत होती. ट्रंक नेली तेव्हा कळलं की आता कोणी येत नाही. त्या दिवशी दुसरा स्टो विकला.

तळटीप देतोय: ‘संप १९८२चा. ट्रंक १९८४ची.’ बारकीला हे चाललं.

७ सप्टेंबर

गणपती. लालबाग-काळाचौकीत पाऊल ठेवायला जागा नाही आणि सगळ्या आजींच्या घरी पाहुणे. अकरा दिवस काम बंद. शब्दांकनं मागे पडलीत ती करते.

२८ सप्टेंबर, काळाचौकी

वाचून दाखवायला गेलो. छापलेली एकसष्ट पानं, मोठ्या अक्षरात. मुलगा घरी होता. मी त्याला आधीच सांगितलं, दादा, आज पहिलं आजींचं, मग तुमचं. तो थोडा चमकला, पण गॅलरीत जाऊन बसला. चार जूनलाही तो कदाचित गेला असता, मी विचारलंच नव्हतं.

बारकी वाचत होती, आजी डोळे मिटून. तीन ठिकाणी थांबवलं. एक, भाकरीचा तवा भाकरीचाच होता. दोन, नणंदेबद्दलची दीड पानं काढून टाकायची. काढली. आवाजातूनही काढायची का? थोडा विचार करून म्हणाल्या, “ती हाय तवर कुनाला ऐकवू नगा. मंग ऐकवा.” तसा शेरा फाइलीवर घातला. नणंदेचं वय विचारून घेतलं, त्यावर आजी खो खो हसल्या. तीन, वहीबद्दल. ‘ह्यांनी वही घातली’ या वाक्यापुढे त्यांना काही घालायचं होतं. बारकीने पेन उघडलं. “लिही, वाचून म्या दाखवली.” मग पुन्हा म्हणाल्या, “न्हाई, वाचून न्हाई. दारावरनं सांगितली.” शेवटी तेच राहिलं: दारावरनं म्या सांगितली.

मग मी जूनमधला संमतीचा कागद काढला, घडीवर फाटायला आलेला. सांगितलं की ही सही तुमच्या मुलाची आहे, माझी चूक झाली, तुमचं बोलणं तुम्ही दिलंत तरच आमचं. नवा कागद वाचून दाखवला. कोण ऐकणार, कुठे ठेवणार, नाव द्यायचं की नाही, उद्या नको वाटलं तर काय. नाव नको म्हणाल्या, गावाचं द्या.

गॅलरीतून मुलगा म्हणाला, “आई, अंगठा दे, शाई आणतो.”

आजींनी त्याच्याकडे पाहिलंच नाही. चष्मा मागितला, कागद पोळपाटावर ठेवला, पेन दोनदा झटकलं. आधी स्वतःचं नाव, मग आजोबांचं, मग आडनाव. जोडाक्षराशी थांबल्या. डाव्या हाताचं बोट पोळपाटाच्या कडेवर एकदा फिरवून पाहिलं आणि मग लिहिलं. खाली रेघ ओढली. “तारीख कुटं घालू?”

रेकॉर्डर बंद करायचा राहून गेला होता. चार मिनिटं चाळीस सेकंद, त्यात बोलणं जवळजवळ नाही. पेनाचा आवाज, पंखा, खाली कुल्फीवाल्याची घंटा. बारकीने फाइलीला वेगळा क्रमांक दिलाय, खा-१/७.

सोमवारी वरळी, गि-१, सभेचं विचारायला.